शून्य दिवस : ‘एपॉक’ या संज्ञेची प्रस्तावना

मोबाइलची बॅटरी पूर्ण उतरून बदलावी लागली, किंवा एखाद्या जुन्या मेमरी कार्डावरची फाइल बिघडली, की पडद्यावर कधी कधी एक विचित्र तारीख येते : 1 जानेवारी 1970, पहाटे 5.30. त्या दिवशी तो फोन नव्हता, फाइल नव्हती, बहुधा वापरणाऱ्याचा जन्मही झालेला नव्हता. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या पहूरला शाळा-कॉलेजातली मुले हा प्रश्न वारंवार विचारतात, म्हणून प्रस्तावनेची सुरुवात त्यानेच करतो.

संगणकाला ‘आज’ कळत नाही, त्याला फक्त मोजता येते. एका ठरलेल्या क्षणापासून किती सेकंद लोटले एवढाच आकडा तो सांभाळतो आणि आपल्यासमोर त्याची तारीख करून मांडतो. आकडा हरवला की शून्य उरते, आणि शून्याचा अर्थ ग्रिनिचच्या घड्याळाने 1 जानेवारी 1970 ची मध्यरात्र. आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्याकडे ते शून्य पहाटे साडेपाचला उगवते. या ठरलेल्या क्षणाला प्रोग्रॅमर ‘एपॉक’ म्हणतात.

हा प्रश्न विचारणारा एखादा विद्यार्थी पुढे आकाशनिरीक्षणाच्या नादी लागला आणि ताऱ्यांची यादी उघडून बसला, तर तिथेही त्याला एपॉक भेटतो. यादीच्या माथ्यावर ‘जे 2000.0’ असे छापलेले असते. इथे कोणी सेकंद मोजत बसलेले नाही. यादीतली सगळी स्थाने 1 जानेवारी 2000 च्या मध्यान्हीच्या संदर्भचौकटीत दिली आहेत, असे ते सांगणे आहे. शब्द एकच, पण एका धंद्यात तो मोजणीचे शून्य आहे आणि दुसऱ्यात आकाशाच्या स्थितीवर घातलेली तारीख. दोन्हींचा संबंध पाठ्यपुस्तके सांगत नाहीत. संगणकाचे पुस्तक आकाशाकडे बघत नाही आणि खगोलाचे पुस्तक प्रोग्रॅमकडे.

माझे म्हणणे असे की हे दोन अर्थ एकाच कामाचे दोन अर्धे आहेत, आणि ते काम पूर्ण स्वरूपात बघायचे असेल तर खानदेशच्या वाचकाला फार लांब जायला नको. पाचोऱ्यावरून चाळीसगाव आणि तिथून पुढे पाटणादेवीचे जंगल, एवढाच रस्ता आहे.

पाटणच्या शिलालेखाची गोष्ट महाराष्ट्रात ठाऊक आहे, पण अर्धवट. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चे आणि त्यांच्या इतर ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने पाटणला मठ स्थापला. सोइदेव आणि हेमाडिदेव या निकुंभ घराण्यातल्या भावांनी त्या मठाला दान दिले. 1207 सालच्या या लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे आणि शेवटी जुन्या मराठीतल्या ओळी आहेत. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला, पुढे कीलहॉर्नने संपादित केला. भास्कराचार्यांचे गाव विज्जलविड नेमके कुठले यावर विद्वानांचा वाद आहे. पाटण हा त्यातला एक पक्ष. त्या वादात मी शिरत नाही. त्यांच्या गणिताची शाळा आपल्या जिल्ह्यात भरत होती, एवढे दगडावर कोरलेले आहे आणि माझ्या विषयाला तेवढे पुरते.

त्या शाळेत शिकवले जाणारे ग्रंथ म्हटले की ‘लीलावती’चे नाव सगळे घेतात. मला बोलायचे आहे ते ‘करणकुतूहल’बद्दल. भास्कराचार्यांचा जन्म शके 1036 चा, म्हणजे 1114 चा. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यात ग्रहगणित कल्पाच्या आरंभापासून चालते. कल्प 4,32,00,00,000 वर्षांचा आणि त्यातले सावन दिवस, म्हणजे सूर्योदय ते सूर्योदय असे दिवस, 15,77,91,64,50,000. आजचा मंगळ कुठे आहे हे काढायचे तर कल्पारंभापासून आजपर्यंत किती दिवस गेले ते आधी काढायचे. या दिवसांच्या संख्येला अहर्गण म्हणतात. भास्कराचार्यांच्या काळी तो बारा आकडी होता. ती बारा आकडी संख्या ग्रहाच्या कल्पातल्या फेऱ्यांच्या मोठ्या संख्येने गुणायची आणि कल्पदिनांनी भागायची, तेही धूळपाटीवर. तत्त्व म्हणून हे भव्य आहे. रोजचे पंचांग करणाऱ्याच्या मात्र हाताबाहेरचे आहे.

म्हणून वयाच्या 69 व्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ हा दुसरा ग्रंथ केला. हा करणग्रंथ, म्हणजे रोजच्या गणितासाठी सोपा केलेला ग्रंथ. त्यात कल्प बाजूला ठेवला, कलियुगाचा आरंभही बाजूला ठेवला आणि शून्य आणले शके 1105 च्या आरंभाला : गुरुवार, 24 फेब्रुवारी 1183, सूर्योदय. कलियुगापासून मोजले असते तर त्या दिवशी अहर्गण 15,64,737 झाला असता. करणकुतूहलात तो शून्य. अभ्यासकाने चालू शकातून 1105 वजा करायचे, उरलेल्या वर्षांचे महिने करायचे, अधिकमास मिळवायचे, तिथी करायच्या, क्षयतिथी वजा करायच्या, की आजपर्यंतचे दिवस हातात. प्रोग्रॅमरच्या एपॉकचे हेच काम आहे : सोयीचे, जवळचे, सगळ्यांना मान्य असे शून्य घ्यायचे आणि तिथून एकच सरळ आकडा वाढवत न्यायचा. महिने किती दिवसांचे, अधिकमास कधी, या कटकटी एकदाच निस्तरायच्या. पुढचे सगळे गणित साध्या गुणाकार-भागाकाराचे.

अर्धे काम इथे झाले. नुसत्या दिवसांवरून ग्रह निघत नाही. गतीला दिवसांनी गुणले तर त्या काळात ग्रह किती सरकला ते कळेल. पण कुठून सरकला? त्यासाठी करणग्रंथ दुसरी गोष्ट देतो : शून्य दिवसाच्या सूर्योदयाला प्रत्येक ग्रह नेमका कुठे होता त्याचे राशी-अंश-कला-विकला. याला क्षेपक म्हणतात. अहर्गण गुणिले गती, अधिक क्षेपक, हा मध्यम ग्रह, म्हणजे सरासरी गतीने येणारे ग्रहाचे स्थान. खगोलशास्त्रज्ञाचा ‘जे 2000.0’ म्हणजे क्षेपकाला चिकटलेली तारीख, आणि प्रोग्रॅमरचा 1970 म्हणजे अहर्गणाचे शून्य. पंचांगकर्त्याला दोन्ही एकाच पानावर लागत, म्हणून त्याने दोन्ही एकाच ग्रंथात ठेवले. पुढे कामे वाटली गेली. ज्याला फक्त काळ मोजायचा होता त्याने शून्य नेले, ज्याला आकाश हवे होते त्याने क्षेपकाची तारीख नेली, आणि एपॉक हे नाव दोघांकडेही राहिले.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. 24 फेब्रुवारी 1183 हा गुरुवार आणि 1 जानेवारी 1970 हाही गुरुवारच. मध्ये 2,87,385 दिवस गेले, सातने नि:शेष भाग जातो. वाचकाने हा भागाकार स्वतः करून बघावा, कारण करणग्रंथांत अहर्गण बरोबर आहे की नाही हे असेच तपासत. आलेल्या संख्येला सातने भागायचे, बाकीवरून वार काढायचा, प्रत्यक्ष वाराशी ताडायचा. जुळला नाही तर अहर्गणात एक मिळवायचा किंवा एक वजा करायचा. तिथींच्या हिशेबात एका दिवसाची चूक कुठे शिरते हे त्यांना पक्के माहीत होते. आज फाइल पाठवताना आकडे बिघडले नाहीत ना हे पाहण्यासाठी सोबत एक तपासणीचा अंक जोडतात. अहर्गणाच्या बाबतीत तपासणीचे ते काम आठवड्याचा वार करत होता.

स्थळाचेही असेच. अहर्गण मोजायचा तो कोणत्या गावच्या सूर्योदयापासून? आपल्या ज्योतिषाची मध्यरेखा लंका ते उज्जयिनी अशी जाते. उज्जैनचे रेखांश सुमारे पावणेशहात्तर अंश. नकाशा काढून बघा : जामनेर-भुसावळचा पट्टा जवळजवळ त्याच रेषेवर आहे आणि पहूर तिच्या किंचित पश्चिमेला. भारताच्या जुन्या शून्य रेखांशावर राहत असूनही आमच्या शाळांत ही गोष्ट सांगितली जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते. चाळीसगाव-पाटण त्या रेषेपासून पाऊणएक अंश पश्चिमेला, म्हणजे तिथला मध्यान्ह सुमारे तीन मिनिटे उशिरा. तेवढा फरक काढून टाकण्याला देशांतर संस्कार म्हणत. आपल्या फोनमधली ‘अधिक साडेपाच तास’ ही नोंद देशांतर संस्कारच आहे, फक्त मध्यरेखा उज्जयिनीहून ग्रिनिचला गेली आहे. आणि भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरची असल्यामुळे पहूरला सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बारा वाजता नव्हे. वर्षाच्या सरासरीने तेव्हा 12 वाजून 27 मिनिटांच्या आसपास झालेले असतात.

आता कोकणात जाऊ या, कारण या विषयातली सर्वांत सुंदर युक्ती तिथली आहे. शके 1442 मध्ये, म्हणजे 1520 साली, नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ लिहिला. करणकुतूहलाचे शून्य तोवर साडेतीनशे वर्षांजवळ जुने झाले होते. अहर्गण लाखाच्या पुढे गेला होता आणि गतीतल्या बारीक चुका इतक्या दिवसांनी गुणल्या जाऊन डोळ्यांना दिसू लागल्या होत्या. गणेशांनी नवे शून्य घेतले, नवे क्षेपक दिले. पण आपलेही शून्य असेच जुने होणार हे ओळखून त्यांनी आणखी एक सोय केली. 11 वर्षांचे एक चक्र धरले. त्या 11 वर्षांत 136 चांद्रमास येतात आणि 136 चांद्रमासांचे दिवस 4016. शकातून 1442 वजा करायचे, 11 ने भागायचे. भागाकार म्हणजे चक्रे, आणि दिवस मोजायचे ते फक्त बाकीतल्या वर्षांचे. एका चक्रात ग्रहात किती फरक पडतो त्याचा ‘ध्रुव’ ग्रंथात तयार दिलेला. त्याला चक्रांनी गुणून क्षेपकातून वजा करायचे, वरच्या दिवसांची गती मिळवायची, झाले. कितीही शतके गेली तरी अहर्गण 4016 च्या आतबाहेरच राहतो. शके 1948 चे, म्हणजे 2026 च्या गुढीपाडव्याचे उदाहरण घ्या : 1948 वजा 1442 म्हणजे 506, नेमकी 46 चक्रे, बाकी शून्य.

संगणकाच्या भाषेत सांगायचे तर 4016 ही संख्या 12 बिटांत मावते. 12 बिटांची मर्यादा 4095. गणेश दैवज्ञांपुढे बिट नव्हते, पण आकडा जागेत मावला पाहिजे ही अडचण तीच होती. आता याला जोडून 1957 सालची हकीकत वाचा. रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतल्या स्मिथसोनियन वेधशाळेवर त्याची कक्षा मोजण्याचे काम आले. खगोलशास्त्रज्ञ दिवस मोजत ते इ.स.पू. 4713 पासून, जोसेफ स्कॅलिजरने सोळाव्या शतकात बसवलेल्या ज्यूलियन कालचक्राच्या आरंभापासून चालणाऱ्या ज्यूलियन दिनगणनेने. तो आकडा तेव्हा चोवीस लाखांच्या पुढे होता. हातातल्या आयबीएम 704 संगणकात एवढ्या लांबीचा आकडा वागवणे परवडेना. मग त्यांनी त्यातून 24,00,000.5 वजा केले, शून्य 17 नोव्हेंबर 1858 वर आणले, आणि दिवसांची संख्या 18 बिटांत बसवली. ही ‘सुधारित ज्यूलियन दिनसंख्या’ आजही जगभरच्या वेधशाळांत चालते. नांदगाव आणि स्मिथसोनियन यांच्यात 437 वर्षांचे अंतर आहे. अडचण एक, उपाय एका जातीचा, आणि दोघांनीही एकमेकांचे नाव ऐकलेले नाही. मला या दोन प्रसंगांचे शेजारी शेजारी असणे फार मोलाचे वाटते. आपल्या जुन्या ज्योतिषाकडे एक तर डोळे झाकून अभिमानाने किंवा डोळे झाकून तिरस्काराने बघण्याची सवय आपल्याला लागली आहे. ग्रहलाघवातले अहर्गणाचे प्रकरण हातात घेऊन त्याचा प्रोग्रॅम लिहिला की दोन्ही सवयी सुटतात. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा 1896 चा ग्रंथ त्यासाठी उत्तम सोबती आहे.

खगोलशास्त्रात एपॉक जुना का होतो याचे आणखी एक कारण आहे, आणि ते हिशेबातल्या चुकीचे नाही. पृथ्वीचा अक्ष हळूहळू डुलतो, त्यामुळे ज्या संपातबिंदूपासून ताऱ्यांची स्थाने मोजायची तो बिंदूच वर्षाला सुमारे 50.3 विकला मागे सरकतो. पाव शतकात 21 कला होतात. चंद्रबिंबाची रुंदी सुमारे 31 कला. म्हणजे ‘जे 2000’ चे आकडे दुरुस्त न करता आजच्या आकाशाला लावले, तर जास्त शक्तीच्या दुर्बिणीत तारा दृष्टिक्षेत्राबाहेर जाऊ शकतो. शिवाय काही तारे स्वतःही सरकतात. बर्नार्डचा तारा वर्षाला 10 विकलांहून जास्त. म्हणून आधी 1950 चा एपॉक चाले, मग 2000 चा आला.

महाराष्ट्राने या सरकणाऱ्या शून्यावरून मोठा वाद पाहिला आहे. स्थिर राशिचक्राचा आरंभ चित्रा ताऱ्याच्या समोर धरायचा की रेवतीतल्या ताऱ्यापाशी, यावर पंचांगकर्त्यांचे दोन पक्ष झाले. चित्रापक्षाने अयनांश, म्हणजे संपातबिंदू आणि राशिचक्राचा हा आरंभ यांतले अंतर, शून्य होते ते वर्ष इ.स. 285 येते. दोन पक्षांत सुमारे चार अंशांचा फरक आहे, आणि सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो. त्यामुळे टिळक पंचांगात मकरसंक्रांत 10 जानेवारीला येते आणि इतर पंचांगांत 14 जानेवारीच्या सुमाराला. एकाच पेठेत एका घरी तिळगूळ चार दिवस आधी वाटला जातो तो शून्य कुठे मांडायचे यावर एकमत न झाल्यामुळे. यात कोणाचा गुणाकार चुकलेला नाही.

सेकंदांच्या बाबतीत दोन्ही धंद्यांची वाट वेगळी झाली आहे. पृथ्वीचे फिरणे अणुघड्याळाइतके नियमित नाही. म्हणून 1972 पासून जागतिक वेळेत 27 लीप सेकंद मिसळले गेले. युनिक्सची मोजणी मात्र प्रत्येक दिवस 86,400 सेकंदांचाच धरते आणि ते जादा सेकंद गिळून टाकते. ‘1970 पासून लोटलेले सेकंद’ असे आपण म्हणतो, पण तो आकडा खऱ्या लोटलेल्या सेकंदांइतका नाही. प्रोग्रॅमरचे त्यावाचून अडत नाही. दुर्बिणीने पल्सारचे ठोके मोजणाऱ्याचे अडते. लीप सेकंदांची ही पद्धत 2035 पर्यंत बदलायचा निर्णय जागतिक वजनमापे परिषदेने 2022 मध्ये घेतला आहे.

नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिथे हे सगळे अर्थ एकाच कामात भेटतात. रेडिओस्रोताचे स्थान 2000 च्या एपॉकचे, नोंदी ठेवणाऱ्या संगणकाचे शून्य 1970 चे, आणि काही संशोधक तिथेच शोधत होते तो ‘पुनर्आयनीकरणाचा एपॉक’, म्हणजे विश्वातल्या पहिल्या ताऱ्यांच्या प्रकाशाने हायड्रोजन वायू पुन्हा आयनित झाला तो कोट्यवधी वर्षांचा काळखंड. इथे एपॉक हा क्षणही राहिला नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी वेधशाळेच्या यंत्रणेत आणखी वेगळे शून्य असेल : लायगोची मोजणी जीपीएसच्या वेळेने, 6 जानेवारी 1980 पासून चालते. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम घेतलेल्या मुलासाठी एपॉक म्हणजे शिकवणीची सगळी माहिती एकदा पूर्ण वाचून होणे. या शेवटच्या अर्थाचा काळाशी काही संबंध नाही. नाव ओळखून पुढे जावे.

आता 2038 बद्दल, कारण भीतीपोटी बरेच चुकीचे बोलले जाते. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीत 1971 पासून सेकंदाचे साठावे भाग मोजत होते. 32 बिटांचा आकडा अडीच वर्षांच्या आतच भरला असता. म्हणून मोजणी सेकंदांवर आली आणि शून्य 1970 वर स्थिरावले. तरी 32 बिटांतला एक बिट चिन्हासाठी गेला की 2,14,74,83,647 हा सर्वांत मोठा आकडा. तो भरतो 19 जानेवारी 2038, मंगळवारी, आपल्या घड्याळात सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला जुनी यंत्रे ग्रिनिचच्या घड्याळाने 13 डिसेंबर 1901 दाखवतील. आजच्या बहुतेक फोनांत आणि संगणकांत 64 बिट आहेत, त्यांना धोका नाही. धोका आहे तो बसवून विसरलेल्या यंत्रांना : पंपांचे नियंत्रक, मीटर, कारखान्यातल्या जुन्या पेट्या. आकडा असा भरण्याचा प्रसंग याआधीही आला आहे : जीपीएसचे आठवडे 1024 वर पोहोचून पुन्हा शून्यावर गेले ते 1999 मध्ये आणि 2019 मध्ये. ज्यांनी आधी तपासून ठेवले होते त्यांचे काम अडले नाही.

करणग्रंथ लिहिणाऱ्यांनी आपले शून्य कधी लपवले नाही. शक, दिवस आणि रेखा कोणती हे त्यांनी ग्रंथातच सांगितले आणि क्षेपक लगेच पुढे दिले. आठशे वर्षांनी आपण त्यांचा हिशेब पुन्हा करू शकतो तो यामुळेच. आज रोज तयार होणाऱ्या माहितीच्या तक्त्यांत हे अनेकदा नसते : आकडा असतो, कुठून मोजला ते नसते, ताऱ्याचे स्थान असते, कोणत्या एपॉकचे ते नसते.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. वर्गात आधी करणकुतूहलाचा अहर्गण कागदावर करून घ्या, वाराने तपासून घ्या, आणि मगच त्याचा प्रोग्रॅम लिहू द्या. प्रत्येक मुलाने स्वतःच्या जन्मदिवसाचा अहर्गण 1183 पासूनही काढावा आणि 1970 पासूनही. दोन्हींची वजाबाकी 2,87,385 आली पाहिजे. न आल्यास 1582 साली झालेली दहा दिवसांची पंचांग-दुरुस्ती हिशेबात घेतली आहे का, ते प्रथम पाहावे.